वीज सर्वांची, वेळ सर्वांची

प्रवरा नदीच्या काठी वसलेले नेवासा हे गाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, संत ज्ञानेश्वरांनी येथेच गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. ज्या खांबाला टेकून त्यांनी हे निरूपण केले असे भाविक मानतात, तो ‘पैस’ नावाचा खांब आजही येथे पाहावयास मिळतो. एवढा थोर ग्रंथ पूर्ण झाल्यावर ज्ञानेश्वरांनी देवाजवळ मागणे मागितले. परंतु ते स्वतःपुरते मागितले नाही, साऱ्या जगासाठी मागितले. ‘मला’ म्हणण्यापूर्वी ‘सर्वांना’ म्हणावे, हा धडा या भूमीने सातशे वर्षांपूर्वीच दिला आहे.

आज याच नेवाशाजवळून अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर या दोन शहरांना जोडणारा मोठा रस्ता जातो. नेवासा फाट्यावर उभे राहिले असता रात्रंदिवस वाहनांचा ओघ दिसतो. कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या मालमोटारी, उसाचे ट्रॅक्टर, एस. टी. च्या गाड्या, शनिशिंगणापूरला निघालेल्या यात्रेकरूंच्या मोटारी अशी ही रांग संपता संपत नाही. या रांगेत अलीकडे एक नवे वाहन दिसू लागले आहे. त्याच्या पुढच्या-मागच्या क्रमांकाच्या पाट्या हिरव्या असतात. ते धूर सोडत नाही आणि फारसा आवाजही करीत नाही. ही विजेवर चालणारी मोटार होय.

विजेची मोटार ही अगदी कालची कल्पना आहे असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन आणि न्यूयॉर्क या शहरांत विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या धावत होत्या. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, पेट्रोलच्या मोटारी लांब पल्ल्याला सोयीच्या ठरल्या आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. त्या काळच्या जड बॅटऱ्या फार वीज साठवू शकत नसत, हेही त्याचे एक कारण होते. नंतर लिथियम-आयन जातीची हलकी आणि अधिक वीज साठवणारी बॅटरी तयार झाली. या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच बॅटरीच्या बळावर विजेची मोटार पुन्हा रस्त्यावर आली आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याला तर या बदलाचे विशेष अप्रूप वाटावे. महाराष्ट्रातील एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ या दिवशी पुणे–अहमदनगर या मार्गावर धावली. त्यानंतर बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एस. टी. ची ‘शिवाई’ ही विजेवरची पहिली गाडीही याच मार्गावर सुरू झाली. ज्या वाटेने राज्याने एकत्र प्रवास करण्यास आरंभ केला, त्याच वाटेने नव्या युगाचाही प्रवास सुरू झाला.

परंतु नवे वाहन आले की त्याच्याबरोबर नव्या गरजा येतात, आणि नव्या गरजांबरोबर नवी शिस्तही यावी लागते. पेट्रोलच्या मोटारीला पंपावर पाच मिनिटे पुरतात. नळी लावली, पेट्रोल भरले, पैसे दिले आणि गाडी निघाली. विजेच्या मोटारीचे तसे नाही. तिच्या बॅटरीत वीज भरण्यास, म्हणजेच ती चार्ज करण्यास, वेळ लागतो. किती वेळ लागतो, हे साध्या गणिताने समजून घेता येईल.

समजा, एका मोटारीच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते आणि तेवढ्या विजेवर ती सुमारे २०० किलोमीटर धावते. घरच्या साध्या जोडणीतून दर तासाला ३ युनिट वीज मिळत असेल, तर रिकामी बॅटरी भरण्यास १० तास लागतील. थोड्या मोठ्या चार्जरमधून तासाला ७ युनिट मिळाल्या, तर सव्वाचार तास लागतील. महामार्गावरच्या जलद चार्जरमधून तासाला ३० युनिट मिळाल्या, तर हेच काम एका तासात होईल. प्रत्यक्षात थोडी वीज वाया जाते आणि वेगही कमीअधिक होतो; म्हणून वेळ याहून जास्तच लागतो. याचा अर्थ असा की, जेथे पेट्रोलपंपावर एका तासात दहा-बारा गाड्यांचे काम उरकते, तेथे एका चार्जरवर एखाद्दुसऱ्याच गाडीचे काम होते.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बॅटरी आरंभी भराभर भरते; परंतु ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की तिचा वेग मंदावतो. यात्रेच्या दिवशी एस. टी. ची रिकामी गाडी फलाटावर लागते, तेव्हा काय होते ते आठवून पाहावे. पहिले तीस उतारू क्षणात जागा पकडतात. पण शेवटच्या दहा जणांना रिकामे आसन शोधत, एकमेकांना वाट देत पुढे सरकावे लागते. बॅटरीतील विजेच्या सूक्ष्म कणांचेही काहीसे असेच होते. बॅटरी जवळजवळ भरलेली असताना त्यांना घाईने आत लोटले, तर ती तापते आणि तिचे आयुष्य घटते. म्हणून मोटारीतील यंत्रणा स्वतःच विजेचा ओघ कमी करते. शेवटचे वीस टक्के भरण्यास कित्येकदा आधीच्या मोठ्या भागाइतकाच वेळ जातो तो यामुळे.

या दोन गोष्टी समजल्या की सार्वजनिक चार्जरपाशी खरी वाटणी कशाची असते ते कळते. वीज तारांमधून येतच राहते. ती एकाने वापरली म्हणून लगेच संपत नाही. संपतो तो वेळ. एकाने विनाकारण दवडलेला अर्धा तास दुसऱ्याच्या अर्ध्या तासातूनच वजा होतो.

मर्यादित वस्तू सर्वांनी क्रमाने वापरावी, हा विचार नेवासा तालुक्याला नवा नाही. मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरीकडून या तालुक्यात येतो. पाटाला पाणी सुटले की ते सर्व शेतांना एकाच वेळी देता येत नाही. त्यासाठी ‘शेजपाळी’ नावाची पद्धत आहे. एकाच चारीवरच्या शेतकऱ्यांनी शेजारच्या क्रमाने पाणी घ्यावयाचे, आपले भिजणे झाले की दार लावून ते पुढच्या शेतकऱ्याला द्यावयाचे, असा तिचा नियम आहे. त्यातही एक सुंदर रीत आहे. पाणी पहिल्याने चारीच्या अगदी शेवटच्या शेताला द्यावे आणि मग क्रमाक्रमाने वरच्या शेतांकडे यावे. असे का? वरच्या शेतकऱ्याच्या बांधावरून पाणी आपोआपच जाते. त्याला ते सहज मिळते. शेवटचा मात्र वाट पाहतच राहतो. जो दूर आहे, ज्याचा हात लवकर पोहोचत नाही, त्याचा विचार आधी करावा, हे या रीतीचे मर्म आहे. ज्याचे भिजणे झाले तरी दार उघडेच ठेवतो, त्याचे स्वतःचे पीकही सडते आणि शेवटच्या शेतकऱ्याचे वाळते.

ज्या थोर राणीचे नाव २०२४ पासून या जिल्ह्याला लाभले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ मध्ये झाला. त्यांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. त्या वाटसरूंसाठी होत्या. ओळखीपाळखीच्या लोकांसाठीच त्या नव्हत्या. धर्मशाळेत येणाऱ्याने रात्र काढावी, सकाळी जागा झाडून स्वच्छ करावी आणि पुढे जावे. तेथे कायमचे बिऱ्हाड थाटू नये, हा संकेत कोणी भिंतीवर लिहून ठेवण्याची गरज नव्हती. सार्वजनिक चार्जर ही आजच्या काळातील वाटसरूंची सोयच आहे. मग तिथला संकेत तरी वेगळा का असावा?

केंद्र शासनाच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये चार्जिंग केंद्रांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला एक केंद्र असावे, असे त्यांत म्हटले होते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विजेच्या वाहनांविषयी आपले धोरण जाहीर केले. शासन यंत्र उभे करू शकते, तार ओढू शकते, फलक लावू शकते. परंतु यंत्रापाशी येणाऱ्या माणसाच्या मनात दुसऱ्याविषयी आस्था निर्माण करणे शासनाच्या हाती नाही. ते काम घराचे, शाळेचे आणि ज्याचे त्याचे आहे.

ही आस्था नसली तर काय होते, हे एका कल्पित प्रसंगावरून पाहू.

महामार्गावरच्या एका केंद्रात जलद चार्जिंगचे एकच यंत्र आहे. सकाळचे साडेआठ वाजले आहेत. यंत्राला एक मोटार लावलेली आहे. तिच्या बॅटरीत ब्याण्णव टक्के वीज भरली आहे. मालक आपल्या कुटुंबासह देवदर्शनाला निघाला असून सध्या पलीकडच्या उपाहारगृहात न्याहारी करीत आहे. पाठीमागे दुसरी मोटार थांबली आहे. तिच्यात एक तरुण आहे. तो कामासाठी संभाजीनगरला चालला आहे. त्याच्या गाडीत चाळीस टक्के वीज शिल्लक आहे. इतक्यात तिसरी मोटार येते. तिच्यातून एक शेतकरी आपल्या वृद्ध आईला घेऊन अहिल्यानगरला निघाला आहे. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आज अकरा वाजता तिची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि साडेदहाच्या आत रुग्णालयात पोहोचावयाचे आहे. रात्री गावातली वीज गेल्यामुळे गाडी चार्ज होऊ शकली नाही; बॅटरीत केवळ बारा टक्के वीज उरली आहे. तेवढ्यावर गाडी चोवीस किलोमीटर जाईल. अहिल्यानगर तर सुमारे साठ किलोमीटर दूर आहे.

नऊच्या सुमारास पहिल्या मोटारीची बॅटरी पूर्ण भरते. पण मालकाचा पत्ता नाही. गाडीच्या काचेवर त्याचा दूरध्वनी क्रमांकही नाही. तो सावकाश नऊ वाजून वीस मिनिटांनी येतो, केबल काढून तशीच जमिनीवर टाकतो आणि निघून जातो. नऊ पंचवीसला तरुण आपली गाडी लावतो. शेतकरी संकोचाने गप्प राहतो आणि तरुणही काही विचारीत नाही. त्याची गाडी दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत यंत्राला राहते. त्यानंतर पंचवीस मिनिटे शेतकऱ्याची गाडी. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पावणेबारा होतात. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. आईला पुढची तारीख मिळते आणि तिचे डोळे आणखी काही आठवडे धूसरच राहतात.

या प्रसंगात कोणी चोरी केली नाही, कोणी कोणाला अपशब्द बोलले नाही, कोणी कायदाही मोडला नाही. तरीसुद्धा एका वृद्धेवर अन्याय झाला. तो दुष्टपणामुळे झाला नाही. आपल्यामागे कोणी उभे असेल, एवढा साधा विचार मनात न आल्यामुळे झाला.

आता हाच प्रसंग दुसऱ्या रीतीने घडला असे समजू. पहिल्या मोटारीच्या काचेवर मालकाने आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे. शेतकरी त्याला दूरध्वनी करतो. “साहेब, आईला दवाखान्यात न्यायचे आहे. आपली गाडी केव्हा निघेल?”

“ब्याण्णव टक्के झाली का? मग आम्हांला पुष्कळ आहे. आलोच,” असे म्हणून तो गृहस्थ न्याहारी तशीच टाकून पाच मिनिटांत येतो, केबल काढून नीट खुंटीवर अडकवतो आणि आपली गाडी बाजूला लावून पुन्हा न्याहारीला जातो.

शेतकरी तरुणाजवळ जाऊन म्हणतो, “दादा, नंबर तुमचा आहे. पण आईचे आज डोळ्यांचे ऑपरेशन आहे. मला पंचवीस मिनिटे मिळाली तर फार उपकार होतील.”

“यात उपकार कसले, काका? आधी आजींना वेळेवर पोहोचवा. माझ्या गाडीत आणखी वीज आहे,” तरुण उत्तर देतो.

आठ चाळीसला शेतकरी आपली गाडी लावतो. साठ किलोमीटरला तीस टक्के वीज लागेल, थोडी हाताशी असावी म्हणून पन्नास टक्के पुरे, असा हिशेब तो करतो. नऊ वाजून पाच मिनिटांनी पन्नास टक्के होताच तो स्वतःहून गाडी काढतो. उरलेली वीज आई रुग्णालयात असताना शहरात भरता येईल, हे त्याला ठाऊक आहे. सव्वादहा-साडेदहाच्या दरम्यान माय-लेक रुग्णालयात पोहोचतात.

आता तरुणाचे काय झाले ते पाहा. पहिल्या प्रसंगात त्याने आपला क्रम सोडला नाही, तरी त्याची गाडी नऊ पंचवीसला लागली. दुसऱ्या प्रसंगात त्याने आपला क्रम दुसऱ्याला दिला, आणि त्याची गाडी नऊ वाजून पाच मिनिटांनी लागली. म्हणजे स्वतःची जागा देऊनही त्याची वीस मिनिटे वाचली! तिघेही थोडे थोडे समजुतीने वागले, आणि त्यात कोणाचेच नुकसान झाले नाही. सौजन्याचे गणित पुष्कळदा असेच निघते.

सार्वजनिक चार्जर वापरताना पाळावयाचे संकेत या प्रसंगातूनच सापडतात.

गाडी चार्ज करावयाची असेल तरच ती चार्जरच्या जागेत लावावी. सावली आहे, जागा मोकळी आहे किंवा प्रवेशद्वार जवळ आहे म्हणून तेथे पेट्रोलची गाडी उभी करणे म्हणजे पाणवठ्यावर घागर न भरताच वाट अडवून बसणे होय. चार्जिंग पूर्ण झालेली विजेची गाडीही तेथे उभी राहिली, तर तीही तशीच अडथळा ठरते. काही ठिकाणी अशा रेंगाळणाऱ्या गाडीकडून वेगळा आकार घेतात; परंतु दंडाच्या भयाने गाडी हलविण्यापेक्षा दुसऱ्याच्या अडचणीची जाणीव ठेवून ती हलविणे अधिक शोभून दिसते.

आपल्या गरजेइतकीच वीज घ्यावी. पुढच्या मुक्कामापर्यंत किती टक्के लागतील याचा हिशेब आधीच करावा. मागे कोणी थांबले असेल, तर ऐंशी टक्क्यांवर समाधान मानावे. कारण त्यापुढचा वेळ आपल्याला थोडे देतो आणि दुसऱ्याचे फार घेतो. ज्याला रात्रभर घरी राहावयाचे आहे, त्याने शक्य तर घरीच गाडी चार्ज करावी आणि महामार्गावरचे जलद यंत्र लांबच्या प्रवाशासाठी मोकळे ठेवावे. ज्या भागात पुढचे केंद्र फार दूर आहे, तेथे मात्र एखाद्याला अधिक वीज घ्यावी लागते. अशा वेळी मागच्या माणसाला कारण सांगावे. कारण कळले की प्रतीक्षा जड वाटत नाही.

चार्जरपाशी माणसांची रांग दिसत नाही. प्रत्येकजण आपापल्या गाडीत बसलेला असतो. म्हणून तेथे पोहोचताच, “कोणाचा नंबर आहे?” असे विचारावे आणि आपला क्रम लक्षात ठेवावा. कोणी आधीच वेळ राखून ठेवली असेल, तर त्याचा मान ठेवावा. कोणास खरीच तातडी असेल, तर त्याने ती नम्रपणे सांगावी आणि इतरांनी ती मोठ्या मनाने ऐकावी. मागून मिळते ती सवलत. हिसकावून घेतली जाते ती दांडगाई. मात्र खोटी तातडी सांगून पुढे घुसू नये. त्यामुळे पुढे कोणी खऱ्या अडचणीत सापडला तरी त्याच्यावर लोक विश्वास ठेवीत नाहीत.

दुसऱ्याच्या गाडीची केबल त्याला विचारल्यावाचून काढू नये. ती बहुधा गाडीत कुलूपबंद झालेली असते आणि ओढाताण केल्यास यंत्र आणि गाडी या दोहोंचे नुकसान होते. म्हणूनच गाडी सोडून जाणाऱ्याने आपला दूरध्वनी क्रमांक काचेवर ठेवावा आणि निरोप येताच लगोलग परतावे.

काम झाल्यावर केबल गुंडाळून तिच्या जागी अडकवावी. जमिनीवर पडलेल्या केबलच्या तोंडात चिखल जातो, पाणी जाते, कोणाचे चाक तिच्यावरून जाते, एखादी वृद्ध व्यक्ती तिच्यात अडखळून पडते. यंत्र बिघडलेले आढळले, तर त्यावर दिलेल्या क्रमांकावर कळवावे आणि मागून येणाऱ्यालाही सांगावे. आपले काम झाले नाही म्हणून रागाने यंत्रावर हात आपटून निघून जाणे सोपे असते. पण एक दूरध्वनी केल्यास पुढच्या दहा जणांचा त्रास वाचतो.

मुलांना अद्याप मोटार चालविता येत नाही. म्हणून हे सारे मोठ्यांसाठीच आहे असे मात्र नाही. चार्जरवरचे मोठे लाल बटण संकटाच्या वेळी वीज तत्काळ बंद करण्यासाठी असते. ते गंमत म्हणून दाबले, तर वाट पाहणाऱ्या सर्वांचा खोळंबा होतो. यंत्राभोवती खेळू नये, केबलचा झोका करू नये, तिच्या तोंडात काही घालू नये. खाऊचे कागद तेथे टाकू नयेत. आणि वडीलधारी मंडळी गप्पांत रंगली, तर एखाद्या मुलाने हळूच आठवण करून द्यावी, “बाबा, आपली गाडी ऐंशी टक्के झाली, बाहेर कोणी थांबले आहे.” मुलाच्या तोंडची अशी आठवण कोणाही पित्याला आवडेल.

नेवासा तालुक्यातच शनिशिंगणापूर आहे. घरांना दारे आणि कुलुपे न लावण्याच्या परंपरेसाठी ते गाव प्रसिद्ध आहे. दार नसलेले घर केवळ परस्परांच्या विश्वासावर सुरक्षित राहते. महामार्गाच्या कडेला उभे असलेले चार्जरही असेच आहे. पुष्कळदा तेथे पहारेकरी नसतो, शिट्टी वाजविणारा शिपाई नसतो, नावे पुकारणारा कारकून नसतो. तेथे पहारा करावयाचा तो ज्याच्या त्याच्या मनाने. कोणी पाहत असताना नियम पाळणे ही शिस्त होय. कोणी पाहत नसतानाही दुसऱ्याची सोय पाहणे ही संस्कृती होय.

वाहने बदलत राहतील. बैलगाडी गेली, टांगा गेला, आता पेट्रोलच्या मोटारीशेजारी विजेची मोटार उभी आहे. उद्या आणखी काही येईल. परंतु वाट सर्वांची आहे आणि तिच्यावरची सोयही सर्वांची आहे, हे जुने सत्य बदलणार नाही. पाटाच्या शेवटच्या शेताची आठवण ठेवून जो आपले दार वेळेवर लावतो, तोच खरा शेजारी. आणि मागे थांबलेल्या अनोळखी माणसाची आठवण ठेवून जो आपली गाडी वेळेवर काढतो, तोच खरा नागरिक.

शब्दार्थ

निरूपण – विवेचन, समजावून सांगणे. अप्रूप – नवलाई, कौतुक. उतारू – प्रवासी. चारी – कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारा लहान पाट. मर्म – गाभा, मुख्य अर्थ. संकेत – रूढ झालेली रीत. आस्था – आपुलकी, कळकळ. आकार – शुल्क. दांडगाई – जबरदस्ती. खोळंबा – अडून राहणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एस. टी. ची विजेवरची पहिली गाडी कोणत्या मार्गावर व केव्हा सुरू झाली?
(आ) बॅटरी भरण्याचा वेग साधारणपणे किती टक्क्यांनंतर मंदावतो?
(इ) चार्जरवरचे लाल बटण कशासाठी असते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘संपतो तो वेळ’ असे पाठात का म्हटले आहे?
(आ) शेजपाळीत पाणी पहिल्याने शेवटच्या शेताला का देतात?
(इ) आपला क्रम दुसऱ्याला देऊनही तरुणाचा वेळ कसा वाचला?

३. एका बॅटरीत ४० युनिट वीज मावते. तिच्यात २५ टक्के वीज शिल्लक आहे. तासाला २० युनिट देणाऱ्या चार्जरवर ती ७५ टक्के होण्यास किती वेळ लागेल? वेग सारखाच राहतो असे धरा.

४. स्पष्टीकरण करा : ‘मागून मिळते ती सवलत, हिसकावून घेतली जाते ती दांडगाई.’

५. वाक्यात उपयोग करा : पत्ता नसणे, समाधान मानणे, बिऱ्हाड थाटणे, मान ठेवणे.

६. ‘शेतकरी’ या शब्दाचे अनेकवचन लिहा. ‘वृद्ध’ आणि ‘विश्वास’ यांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.

७. आपल्या गावातील सर्वांच्या उपयोगाची एखादी सोय निवडा. उदाहरणार्थ, सार्वजनिक नळ, वाचनालय, एस. टी. चे स्थानक. ती वापरताना कोणते संकेत पाळावेत, यावर दहा-बारा ओळी लिहा.